किवी राहू द्या, आधी पेज टाका

प्रश्न : मॅडम, आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. माझे मिस्टर (वय ३६) डेंग्यूने दवाखान्यात होते. प्लेटलेट ३४ हजारांवर आल्या होत्या, घरी सोडलं तेव्हा ९२ हजार. ताप जाऊन चार दिवस झाले. डिस्चार्जच्या कागदावर 'सॉफ्ट डाएट' एवढंच लिहिलंय. घरी बघायला येणारा प्रत्येक जण मात्र काहीतरी सांगून जातो. पपईच्या पानांचा रस सुरू आहे, पण तो प्यायला की त्यांना उलटी होते. सासूबाई म्हणतात, शेळीचं दूध आणा. मित्र किवी आणि ड्रॅगनफ्रूट घेऊन येतात. शेजारच्या काकू म्हणतात, ताकदीची दोन सलाईन लावून घ्या. तोंडाला चव नाही म्हणून हे जेवत नाहीत, आणि वर म्हणतात, रविवारी तांबडा रस्सा कर, एका वाटीत उठून बसतो. उद्यमनगरात वर्कशॉप आहे, सोमवारपासून जायचा हट्ट आहे. मी नेमकं काय करून घालू? ता.क. : धाकट्या दिरालाही कालपासून ताप आणि अंगदुखी आहे. त्याला हेच खाणं चालेल का? — एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, तुमचा ता.क. मी आधी घेते. मिस्टर धोक्यातून बाहेर आलेत, दिराचं अजून काहीच कळलेलं नाही. सदर यायला वेळ लागतो म्हणून त्याच्याबद्दलचं तुम्हाला त्याच दिवशी फोनवर कळवलं होतं. पण पावसाळ्यात एकाच घरात लागोपाठ दोघं आडवे पडणं आपल्याकडे नवीन राहिलेलं नाही, म्हणून इतरांसाठी इथे पुन्हा लिहिते.

दिराला डॉक्टरांकडे न्या आणि घरात एकाला नुकताच डेंग्यू होऊन गेलाय हे बसल्या बसल्या सांगा. पहिल्या पाचएक दिवसांत एनएस-१ ही तपासणी कामाची, त्यानंतर आयजीएम. रिपोर्ट काहीही येवो, तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल द्यायचं, तेही दोन गोळ्यांत किमान सहा तास ठेवून. अंग फार मोडून आलंय म्हणून मेडिकलवाल्याकडे 'जरा स्ट्राँग गोळी द्या' म्हणायचं नाही. त्या स्ट्राँग गोळीत बहुतेक वेळा आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असतं, आणि डेंग्यूत या दोन्हींनी, तसंच ॲस्पिरिननं, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

त्याला मिस्टरांचंच खाणं चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण ताप असेपर्यंत त्याच्या जेवणाची फार चिंता करू नका, पिण्याची करा. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला किमान पाच-सहा मोठे ग्लास पातळ गेलंच पाहिजे, आणि ते नुसतं पाणी नको. ताप, घाम आणि उलटीतून मीठही जातं. वर साधं पाणीच ढोसत राहिलं तर अंगातलं मिठाचं प्रमाण आणखी उतरतं. मीठ घातलेली भाताची पेज, पातळ ताक, शहाळ्याचं पाणी, मीठ-साखरेचं लिंबू सरबत, ओआरएस, यांतलं जे पोटात टिकेल ते घोट घोट देत राहायचं. ओआरएसच्या पुडीवर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असल्याचं लिहिलेलं बघून घ्या, कारण तशाच नावाची गोड सरबतं खोक्यातून विकली गेली आहेत. लिटरची पुडी असेल तर ती पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. निम्मी पुडी ग्लासात ढवळून पाजणारे बरेच जण मला भेटतात. ते औषध राहत नाही, खारट-गोड पाणी होतं आणि उलटी वाढते. दर चार-सहा तासांनी लघवी होतेय का, हे विचारायला लाजू नका. पाणी पुरतंय की नाही हे सांगणारं घरात दुसरं यंत्र नाही.

आणि ताप उतरला की निर्धास्त होऊ नका. डेंग्यूत खरी काळजी घ्यायची ती तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतो तेव्हाच्या २४ ते ४८ तासांत. त्या वेळी काही जणांच्या रक्तवाहिन्या नव्या माठासारख्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं, रक्त घट्ट होतं आणि बीपी उतरतं. पोटात सतत दुखणं, पुन्हा पुन्हा उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, धाप, किंवा नेहमी बडबडणारा माणूस एकदम सुस्त किंवा चिडचिडा होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी रात्र काढायची नाही. सीपीआर म्हणजे आपलं सरकारी रुग्णालय असो वा जवळचं मोठं हॉस्पिटल, तडक न्यायचं. याच दिवसांत बीट, लाल ड्रॅगनफ्रूट, डाळिंब, टोमॅटोचं सूप टाळायचं. ते वाईट नाही, पण उलटी लाल झाली तर ती बिटाची की रक्ताची हे रात्री दोन वाजता कुणी ठरवायचं?

आणि दिराला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि तापातल्या माणसाला चावलेला डास पुढे घरातल्या दुसऱ्याला प्रसाद देतो. फ्रिजमागचा ट्रे, न्हाणीतलं पिंप, गच्चीवरचे डबे आजच पालथे करा.

आता मिस्टर. सगळ्यात आधी पपईच्या पानांचा रस बंद. तुम्हाला कुणी विचारलं तर मॅडमनी सांगितलं म्हणून सांगा. या रसावर मलेशियात आणि आपल्याकडेही छोटे छोटे अभ्यास झालेत. काहींमध्ये प्लेटलेटचा आकडा थोडा लवकर वर चढलेला दिसला. पण त्यानं रक्तस्राव टळतो किंवा माणूस वाचतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. तुमच्या घरात तर हिशेब अगदीच उघड आहे. ज्या रसानं उलटी होते तो रस पोटातलं अन्न-पाणी बाहेर काढतोय. आकडा ३४ वरून ९२ हजारांवर आलाच आहे, तो ना पपईनं आणला ना किवीनं.

प्लेटलेट हाडांच्या मगजात तयार होतात. विषाणू असेपर्यंत तिथलं काम मंदावतं आणि तयार झालेल्या प्लेटलेटही नष्ट होतात. विषाणू आवरला की मगज आपोआप कामाला लागतो आणि काही दिवसांत आकडा दीड लाखाच्या वर जातो. प्लेटलेट वाढवणारं असं एखादं अन्न नसतं. तुम्ही जे रांधाल ते प्लेटलेटसाठी नाही, दहा दिवसांत सुकलेल्या तुमच्या माणसासाठी आहे. हे एकदा मनात बसलं की बघायला येणाऱ्यांच्या निम्म्या सूचना आपोआप गळून पडतात.

किवीबद्दल माझी तक्रार फळावर नाही, भावावर आहे. त्यातलं 'क' जीवनसत्त्व हवं असेल तर पेरूत ते वजनाला वजन किवीच्या दुपटीहून जास्त असतं आणि आवळ्यात त्याहूनही जास्त. मित्रांनी आणलेली किवी फेकू नका, मुलांना द्या, मिस्टरांनाही एक फोड द्या. पण स्वतः विकत आणायच्या फंदात पडू नका. त्या पैशांत अंड्याचा अख्खा ट्रे येतो, आणि तुमच्या घराला या क्षणी अंड्यांची जास्त गरज आहे. डाळिंब खायला छान आहे, तोंडाला ओल येते, पण रंग लाल म्हणून त्यानं रक्त वाढतं असं नाही. त्यात लोह अगदी जेमतेम असतं.

शेळीच्या दुधाचं सासूबाईंना नीट सांगावं लागेल. शेळीचं दूध हे दूध आहे, चांगलं आहे, पण डेंग्यूवर त्याचा काही वेगळा गुण नाही. अडचण अशी, की ते 'कच्चंच प्यायचं, उकळलं तर गुण जातो' असं सांगून दिलं जातं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो, म्हणजे तापातून उठलेला माणूस पुन्हा तापात. आणि हेच आपल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून देतात त्या धारोष्ण म्हशीच्या दुधालाही लागू. पेठेतल्या माणसाला हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं आहे, मला माहीत आहे. तब्येत ठणठणीत झाल्यावर कट्ट्यावर कुणी काय प्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न; आत्ता मात्र म्हशीचं दूध उकळून, साय काढून, थोडं पाणी घालून द्या. सासूबाईंच्या हाताला काम हवं असेल तर त्यांना हुलग्याचं माडगं करायला सांगा. हुलगे भाजून दळलेलं पीठ, गूळ, सुंठ, वर थोडं दूध. १०० ग्रॅम हुलग्यात २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, आणि माडगं त्यांच्याइतकं चांगलं ना तुम्हाला येईल ना मला.

गुळवेलीचा काढा अजून कुणी सुचवला नसेल तर सुचवतील. आत्ता नको. डेंग्यूत बहुतेकांच्या यकृताला थोडीफार सूज असते, रक्ताच्या रिपोर्टातले यकृताचे आकडे, एसजीओटी-एसजीपीटी, वाढलेले असतात. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. आयुष मंत्रालयानं ते म्हणणं मान्य केलं नाही, वाद झाला. तो वाद सुटेपर्यंत सुजलेल्या यकृतावर प्रयोग कशाला करायचा?

काकूंच्या 'ताकदीच्या सलाईन'चं ऐका. डीएनएसच्या, म्हणजे साखर-मिठाच्या सलाईनच्या, ५०० मिलीच्या बाटलीत असते २५ ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ. बस. एका जोंधळ्याच्या भाकरीत याहून जास्त ताकद आहे. उलटीमुळे तोंडानं काहीच जात नसेल तेव्हा सलाईन जीव वाचवतं. पण तुमच्या मिस्टरांचा टप्पा आता वेगळा आहे. बाहेर पाझरलेलं पाणी या दिवसांत परत रक्तात येत असतं. त्यात वरून बाटल्या लावल्या तर छातीत-पोटात पाणी साठून धाप लागू शकते. याच कारणानं आता त्यांच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन धावू नका. तहानेप्रमाणे पिऊ द्या, लघवी स्वच्छ होतेय तेवढं बघा.

तर करायचं काय. 'सॉफ्ट डाएट' म्हणजे ओट्स आणि ब्रोकोलीचं सूप असा समज करून घेऊन काही घरं डी-मार्ट गाठतात. तुमच्या स्वयंपाकघरात मऊ जेवणाला तोटा नाही. भूक मेलेल्या माणसासमोर भरलेलं ताट ठेवलं की तो बघूनच थकतो. म्हणून दोन-अडीच तासांनी वाटी वाटी द्या. सकाळी उठल्यावर नाचणीची आंबील, ताक घालून, वर जिऱ्याची पूड. थोड्या वेळानं एक उकडलेलं अंडं किंवा भुर्जी, पण भुर्जीत हिरवी मिरची नको. दुपारी मऊ भात, घट्ट वरण, वर चमचाभर साजूक तूप आणि लिंबू. तूप अजिबात बंद करा असं सांगणारे असतात. चमचाभरानं काही होत नाही, आणि तुपाशिवाय वरणभात आजारी माणसाच्या घशाखाली उतरत नाही. मधल्या वेळी मुगाचं कढण, आलं-जिरं घालून. संध्याकाळी जोंधळ्याच्या कण्या, दुधात किंवा ताकात. रात्री मुगाची खिचडी, नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी. फळात केळं, पपई (पिकलेली, पानं नव्हे), मोसंबी, मऊ पेरू.

हे सगळं एकाच दिवशी करू नका. दोन आजारी माणसं सांभाळून चार वेगळे पदार्थ रांधणारी बाई तिसरी आडवी होते. सकाळी एकदाच मूग जास्त शिजवा: वरचं पाणी कढणाला, दिराला, खालचे मूग रात्रीच्या खिचडीला, मिस्टरांना.

डोळा ठेवायचा तो प्रथिनांवर. ६०-६५ किलोच्या माणसाला रोज साधारण ६० ते ७० ग्रॅम तरी हवीत. दोन अंड्यांतून बारा, मोठा कप दुधातून सहा-सात, वाटीभर घट्ट वरणातून तेवढीच. म्हणजे नुसत्या पेजेवर आणि फळांवर ठेवलेला माणूस आठवड्यानं अजूनच लटपटतो. तापात पेज बरोबर, पण ताप जाऊन चार दिवस झालेल्या माणसाला पेजेच्या पुढे न्यायला हवं.

इथे आपलं अळणी पाणी कामाला येतं. कोल्हापुरात लहान मुलाला पहिलं मटण चाखवतात ते याच्यातून, तेव्हा कृती तुम्हाला सांगायला नको: मटण किंवा चिकन, हळद, मीठ, आलं-लसूण, थोडा कांदा, आणि मसाला पडायच्या आधी काढून घेतलेलं पाणी. गार झाल्यावर वर साचलेली चरबी काढा, पुन्हा गरम करून द्या. पण एक सांगते, नुसतं पाणी पाजून थांबू नका. पाण्यात चव आहे, मीठ आहे, थोडा सत्त्वांश आहे. खरी प्रथिनं भांड्यात राहिलेल्या तुकड्यांत असतात, आणि ते आपण घरातल्या बाकीच्यांच्या रश्श्यात टाकतो. दोन-तीन तुकडे मऊ शिजवून, तंतू सोडवून त्याच वाटीत घाला, भात कुस्करा. मटण पचायला जड वाटलं तर चिकन घ्या.

तोंडाची चव गेली आहे त्याचंही बघू. आजारात आणि गोळ्यांमुळे तोंड कडू राहतं, ते आठ-पंधरा दिवसांत सुधारतं. तोवर आंबट मदत करतं: आमसुलाचं सार, लिंबाच्या मुरलेल्या लोणच्याची फोड (तिखटाचं नव्हे, उपासाचं गोड-आंबट), जेवणाआधी आल्याचा मीठ लावलेला तुकडा. तोंडात फोड आले असतील तर मात्र यातलं काही नको, तेव्हा गार दहीभात. डब्यातली कांदा-लसूण चटणी वरणाच्या फोडणीत चिमूटभर पडली तर मी आरडाओरडा करणार नाही. वास आला की आपल्याकडच्या माणसाला निम्मी भूक लागते.

रविवारचा तांबडा मात्र नाही. कारण प्लेटलेट नाही, पोट आहे. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्यांनी जठर हुळहुळं झालेलं असतं, यकृत सुजलेलं असतं, त्यावर तेलाची तर्री आणि तिखट म्हणजे रविवारी रात्री जळजळ आणि सोमवारी पुन्हा दवाखाना. 'मग पांढरा तरी?' असं ते विचारतीलच. पांढरा रंगानं सौम्य दिसतो. त्यात ओलं खोबरं, तीळ, खसखस, काजू आहेत, म्हणजे चरबी भरपूर. दोन्ही दोन-तीन आठवड्यांनी, यकृताचा रिपोर्ट ठीक आल्यावर, आणि आधी पांढरा, मग तांबडा. मिसळ त्याच्याही नंतर. दारूचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण सवय असेल तर किमान महिनाभर एक थेंबही नाही, आणि तो महिना डॉक्टरांनी रिपोर्ट बघून संपवायचा, मित्रांनी नव्हे.

अजून एक. ताप गेल्यावर या दिवसांत अनेकांच्या हातापायांवर लाल पुरळ उठतं, मध्ये मध्ये पांढरे ठिपके, तळव्यांना भयंकर खाज. ते नेमकं अंडी-चिकन सुरू करायच्या सुमारास येतं आणि सासूबाई म्हणतात, 'बघ, उष्ण पडलं.' ते अंड्यामुळे नसतं. आजार ओसरतानाचं ते लक्षण आहे आणि काही दिवसांत जातं. त्याच्यापायी अंडी बंद करू नका. दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळायला लागले तर तेही या तापाचंच मागाहून आलेलं बिल समजा. केस परत येतात.

राहिलं वर्कशॉप. सोमवार नको. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे टिकतो. जिना चढून धाप लागत असताना लेथवर उभं राहणं धोक्याचं, आणि पत्र्याच्या शेडखालच्या उकाड्यात घाम गाळणं त्याहून. पुढच्या तपासणीत प्लेटलेट आणि यकृत दोन्ही ठीक आले, घरात दिवसभर न झोपता बसता आलं, की मग अर्धा दिवस, तोही बसून करायच्या कामाचा. डब्यात भाकरी, मुगाची उसळ, उकडलेलं अंडं. बाटलीत मीठ-जिऱ्याचं ताक. अकरा वाजता शेजारच्या गाळ्यातून वडा-पाव येतो तेव्हा भूक आधीच भागलेली असावी म्हणून साडेदहाला खायला दोन राजगिऱ्याचे लाडू वेगळे बांधून द्या.